सात खिशांची हजेरी

किशन गाडेकर रोज सकाळी आपल्या खिशांची हजेरी घेतो. शर्टाच्या आत तो जाड मांजरपाटाची बंडी घालतो. तिला सात खिसे आहेत. तीन डावीकडे, तीन उजवीकडे आणि एक आतल्या बाजूने, छातीपाशी. शाळेत मास्तर नावं पुकारतात तसा तो एकेका खिशावर पंजा ठेवून पुकारतो आणि खिशाच्या वतीने उत्तरही स्वतःच देतो.

“भाडं? हजर. किराणा? हजर. माय? हजर. एस.टी.? हजर. दुखणं? हजर. चहा?” इथे तो जरा थांबतो, महिन्याची वीस तारीख उलटून गेली असेल तर हमखास थांबतो. “चहा गैरहजर.”

मग छातीपाशी हात नेतो. “सरकार?”

बाकीच्या सगळ्यांना तो एकदा पुकारतो. सरकारला तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर “हजर” म्हणतो, शर्टाची बटणं लावतो आणि कामाला लागतो. सरकारचं देणं फिटून जमाना झाला. आता त्या खिशात घरपट्टी आणि विजेचं बिल असतं. तरी पुकारा तीनदाच. ऑफिसात लोक त्याला ‘सातखिशे’ म्हणायचे, काहींना तर तेच त्याचं आडनाव वाटायचं. सरकारला तीनदा का, हे त्याला पुष्कळांनी विचारलं. “सरकारला कमी ऐकू येतं,” एवढंच तो सांगायचा आणि लोक हसायचे. मीही हसायचो. खरं कारण मला माहीत होतं.

आम्ही दोघं नांदेडला कॉलेजात एका खोलीत होतो. त्याचे वडील अहमदपूरला एस.टी. स्टँडसमोर शिलाई मशीन घेऊन बसायचे. माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर, आणि माझ्या पाठीवर चार बहिणी. दोघांनाही सरकारकडून शिकण्यासाठी कर्ज मिळालं. नाव शिष्यवृत्तीचं, पण नोकरी लागल्यावर हप्त्याने परत करायचं. फॉर्मवर सही करताना मी तो परत करण्याचा भाग वाचला नव्हता. किशनने दोनदा वाचला, वडिलांना वाचून दाखवला आणि मग सही केली.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा नव्या ऑफिसांना कारकून हवे होते. आम्ही दोघंही लागलो. इमारत होती, टेबलं नव्हती. खुर्च्या आल्या त्या मोजून निम्म्या, म्हणून अर्धे लोक दुपारपर्यंत बसायचे आणि अर्धे दुपारनंतर. जुन्या जिल्ह्यातून ट्रक भरून फायली आल्या, त्या पोत्यांत. पोती डाळमिलची, त्यांवर तुरीचं छापील चित्र. कुठल्या पोत्यात काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यातच कुठेतरी आमची कर्जाची कागदपत्रं होती.

ऑफिसात आमच्यासारखे कर्जवाले सात-आठ जण होते. सगळे खूश. फाइल नाही म्हणजे वसुली नाही. वर दुष्काळ पडलेला, तेव्हा सरकार आता माफच करणार, असं हेडक्लार्क भाऊसाहेब शपथेवर सांगायचे. किशन मात्र रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की पोती उसवत बसायचा. तुरीच्या धुळीने शिंकत शिंकत. बाराव्या की चौदाव्या दिवशी त्याला आपली फाइल सापडली. ती घेऊन तो वसुलीच्या टेबलाकडे गेला आणि म्हणाला, “हे माझं देणं. माझ्याकडून वसूल करा.” तिथल्या बाबूने असा माणूस पाहिला नव्हता. त्याने आधी किशनकडे पाहिलं, मग फायलीकडे, आणि उद्या या म्हणाला. किशन उद्या गेला. परवाही गेला. बाबूने कंटाळून चलन भरून दिलं.

भाऊसाहेबांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं. अरे येड्या, चार महिने थांब, माफ होतंय. किशनने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मला माफी न्हाई पाहिजे साहेब, पावती पाहिजे.”

त्याचा एक ठाम समज होता, तो त्याने मला एकदा खाजगीत सांगितला होता. आपण भरलेले पैसे सरकार तसेच उचलतं आणि पुढच्या पोराला देतं, असं त्याला वाटायचं. त्याच नोटा. म्हणून पगार हातात आला की तो नोटा निवडायचा. फाटकी, चिकटवलेली, तेलकट नोट किराण्याच्या खिशात. कोरी नोट सरकारच्या. “पोरगं नव्या गावात जातं, सुधाकर. खानावळवाल्यानं फाटकी नोट घेतली न्हाई तर उपाशी झोपंल ते.” मी त्याला बँकेचा, तिजोरीचा व्यवहार समजावून सांगितला. त्याने तोही नीट ऐकला आणि नोटा निवडत राहिला.

त्या पोत्यातच, त्याच्या फायलीखाली, माझी फाइल होती. ती त्याने खोलीवर आणली आणि माझ्यासमोर ठेवली. “ही तुझी. काय करू?” मी म्हणालो, राहू दे होती तिथं. दुसऱ्या दिवशी त्याने ती पोत्यात परत घातली आणि पोतं दाभणाने शिवून टाकलं. शिंप्याचा मुलगा, टाके एकसारखे. ते पोतं पुढे कुठे गेलं कुणास ठाऊक. मी आजतागायत एक रुपया भरलेला नाही. हे मी आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

गंजगोलाईच्या बाजारामागे आमची खोली होती. तिथे किशनच्या खिशांचा कारभार मी जवळून पाहिला. एका खिशाने दुसऱ्याकडून उसनं घ्यायचं तर चिठ्ठी लिहावी लागे. ‘चहाने एस.टी.कडून दोन रुपये घेतले. पहिल्या तारखेला परत.’ खाली सही. चिठ्ठ्या खिळ्याला अडकवलेल्या. माय आणि सरकार हे दोन खिसे मात्र कुणालाच उसनं देत नसत. त्याला काहीही विचारा, नाटकाला येतोस का, चपला घेतोस का, उत्तर एकच, “खिशाला विचारून सांगतो.” एकदा महिनाअखेरीला त्याला सणकून ताप भरला. दुखण्याचा खिसा आधीच रिकामा झालेला. मी डॉक्टरकडे चल म्हणालो तर म्हणाला, तीन दिवस थांब, पहिल्या तारखेला आजारी पडतो. आणि खरोखर तीन दिवस ऑफिसला गेला. पहिल्या तारखेला पगार घेऊन अंथरूण धरलं.

दुष्काळात पाणी तिसऱ्या दिवशी टँकरने यायचं, तेव्हा त्याने पाण्यालाही खिसे केले. माठ पिण्याचा, घागर स्वयंपाकाची, बादली आंघोळीची. एकदा मी घाईत माठातला तांब्या आंघोळीला घेतला तर संध्याकाळी खिळ्याला चिठ्ठी होती, ‘आंघोळीने पिण्याकडून एक तांब्या घेतला. टँकर आल्यावर परत.’ सहीची जागा माझ्यासाठी मोकळी ठेवली होती. मी सही केली. दुसरा इलाज नव्हता, तो माठाला टेकूनच बसला होता.

हे सगळं मी लोकांना रंगवून सांगत आलो आहे. पुढचं कधी सांगितलं नाही.

उदगीरला एका टेलरमास्तरांची मुलगी होती. किशनला तिचं स्थळ आलं. मुलीने त्याला पाहिलं, त्याने तिला, आणि तो परत आला तेव्हा चहाच्या खिशाला न विचारता चहा प्यायला, त्यावरून काय ते मी समजलो. मास्तरांची एकच अट होती. कर्ज असलेल्या घरात मुलगी देणार नाही, बेबाकीचा कागद दाखवा, लगेच कुंकू लावतो. बेबाकी म्हणजे देणं पुरतं फिटल्याचा दाखला. किशनचा शेवटचा भरणा उरला होता. पाडव्यापर्यंत तो होणार होता. त्यासाठी तो दर महिन्याला चाळीस रुपये सरकारच्या खिशात साठवत होता, एकही दिवस मागे-पुढे नाही.

त्याच सुमारास मलाही परभणीचं एक स्थळ आलं. मुलगी पाहायला जायचं होतं आणि माझ्याकडे धड पँट नव्हती. पगार घरी पाठवून संपलेला. किशनकडे मागितले असते तर त्याने खिशाला विचारलं असतं, आणि खिसा काय म्हणाला असता ते मला माहीत होतं. तो आंघोळीला गेला. अर्ध्या बादलीची आंघोळ, तिला वेळ तो किती लागणार. बंडी खिळ्याला होती. मी छातीपाशीच्या खिशातून वीसच्या चार कोऱ्या नोटा काढल्या. पगार झाला की ठेवून देऊ, असं मनाशी म्हणालो. असं प्रत्येक जण म्हणत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पांघरुणात डोळे मिटून पडलो होतो. भाडं, किराणा, माय, सगळे हजर झाले. मग तो म्हणाला, “सरकार?”

उत्तर आलं नाही. कागद चाळल्याचा आवाज आला. “सरकार?” परत कागद. मग अगदी हळू, शेजारच्याने ऐकू नये अशा बेताने, “सरकार?”

मी डोळे उघडले नाहीत. तो बराच वेळ तसाच उभा होता. मग शर्टाची बटणं लावून ऑफिसला गेला.

त्या दिवसापासून तीनदा.

मी कापड आणलं, राखाडी टेरिकॉट. शिलाईला पैसे उरले नाहीत. संध्याकाळी किशन म्हणाला, आण इकडं, मी शिवतो. खाली शिंप्याच्या दुकानात त्याची ओळख होती, मशीन तासभर मिळायचं. त्याने कापड हातात घेतलं, दोन बोटांत धरून चोळलं, उजेडाकडे नेलं. “चांगलं हाय,” म्हणाला. मग माझी मापं घेतली. तीन संध्याकाळी बसून त्याने पँट शिवली, काजांना हाताने टाके घातले. माझ्या आयुष्यात इतकी बेतशीर पँट मला कुणी शिवली नाही. ती घालून मी परभणीला गेलो आणि माझं लग्न ठरलं.

मी आलो त्या आठवड्यात किशनने सांगितलं की त्याला उदगीरला कळवावं लागेल. सरकारच्या खिशात शंभर रुपये कमी आहेत. माझीच मोजणी चुकली, म्हणाला.

शंभर ऐकून मी दचकलो. मी ऐंशी घेतले होते. म्हणजे वीस रुपये तो खरोखरच चुकला होता. किशन गाडेकर मोजणीत चुकला. मला त्या क्षणी जे वाटलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मला बरं वाटलं. आम्ही कर्जवाल्यांनी वर्गणी काढून शंभर जमवू म्हटलं तर त्याने साफ नकार दिला. कर्ज फेडायला उसनं घ्यायचं नाही हा त्याचा नियम होता. मी वर्गणीत दहा रुपये देऊ केले होते, तेही आठवतं.

उदगीरच्या लोकांनी दोन महिने वाट पाहिली. तिसरा पाहिला नाही. मास्तरांच्या नात्यात एक मुलगा होता, त्याला मुलगी दिली. ऐंशीच कमी असते तर दोन महिन्यांत भरले असते. त्या वरच्या वीस रुपयांनी तिसरा महिना लावला. म्हणजे दोष सगळा माझा नाही, थोडा त्याच्या मोजणीचाही आहे. हे वाक्य मी इतकी वर्षं जवळ बाळगलं. फार दुखायला लागलं की ते काढायचं आणि जखमेवर ठेवायचं.

तिसऱ्या महिन्यात किशनला बेबाकीचा कागद मिळाला. त्याने तो काचेत बसवून भिंतीला लावला. दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून मला दाखवला. माझ्या लग्नात तो वाढायला होता. त्याचं लग्न झालं नाही. पुढेही स्थळं आली, पण तो खिशाला विचारून सांगतो म्हणायचा आणि खिसा कधी उत्तर द्यायचा नाही.

मी ते ऐंशी रुपये परत ठेवले का? नाही. आधी लग्नाचा खर्च होता. मग ठेवले तर त्याला कळेल, ही भीती. मग इतका काळ गेला की ऐंशी रुपये ही रक्कमच राहिली नाही.

माझी मुलगी ऋतुजा विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला लागली तेव्हा आम्ही बँकेचं कर्ज काढलं. किशनकाकाने तिला सात कप्प्यांची कापडी थैली शिवून दिली. पोरीने नाक मुरडलं नाही, उलट मैत्रिणींना दाखवली, त्यांनीही मागितल्या, आणि सातखिशेकाका रिटायर झाल्यावर सहा महिने होस्टेलसाठी थैल्या शिवत बसले. तिला नोकरी लागली. आता दर महिन्याला हप्ता कापला गेला की ती मला आणि त्याला मोबाइलवर एकच शब्द पाठवते, ‘हजर’.

गेल्या उन्हाळ्यात ती घरी आली होती. परत टँकरचे दिवस. बादल्यांच्या रांगेत आम्ही दोघं उभे होतो आणि तिने सहज विचारलं, “बाबा, तुमचंपण शिक्षणाचं कर्ज होतं ना? तुम्ही कसं फेडलं?”

मी म्हणालो, तुझ्या काकासारखंच. ती कौतुकाने हसली. बादली भरली, मी ती उचलून घरी आणली आणि तसाच किशनकडे गेलो.

तो मशीनवर होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चार नोटा, खिळा, आंघोळ, पांघरूण, उदगीर. पाकिटात पैसे घेऊन गेलो होतो, व्याज धरून हिशोब केलेले. ते मशीनवर ठेवले. त्याने पाय थांबवला नाही. शिवण संपल्यावर दोरा दाताने तोडला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“कापडाला हात लावला तवाच कळलं व्हतं,” तो म्हणाला. “मीटरला पन्नाशीच्या वरचं. तुझा पगार तर चार तारखेलाच घरी गेला व्हता. मनिऑर्डर मीच करून आलो व्हतो.”

मी समोरचं स्टूल ओढून बसलो.

“मग बोलला का नाहीस?”

“काय बोलू? पोरगी बघायला चाललेला माणूस. खाली मान घालून जाशील तर नापसंत करून टाकतील.”

“आणि उदगीर?”

त्यावर तो जरा रागावल्यासारखा झाला. “ते तुझ्यामुळं न्हाई. तुम्ही समदे वर्गणी द्यायला तयार व्हते. घेतली असती तर पाडव्याला कुंकू लागलं असतं. न्हाई घेतली. तो माझा हट्ट व्हता. माझ्या हट्टावर तू नाव लावू नको सुधाकर, तेवढं एक तरी माझं राहू दे.”

त्याने पाकिटातले पैसे मोजले. तीनदा. मग ते पाकिटात घालून माझ्या हातात दिले. “हे सरकारचे हायेत. भरून टाक.” मी म्हणालो, कुठे भरू? फाइल तर तू पोत्यात शिवून टाकलीस. त्याने विचार केला. “फाइल न्हाई तर पोरगी शोध एखादी, शिकणारी. दर महिन्याला दे. कोऱ्या नोटा दे.” त्याप्रमाणे मी एका मुलीच्या खानावळीचे पैसे भरतो आहे, या महिन्यात दहावा हप्ता झाला. माफी मिळाली नाही. पावतीही नाही. तरी भरतो आहे, आणि थांबणार नाही.

त्या दिवशी मी दारापाशी पोचलो तेव्हा त्याने मशीनवरूनच हाक मारली. “ती पँट हाय का रे अजून?”

ट्रंकेत आहे, म्हणालो. बघण्याच्या दिवशीची म्हणून उषाने, माझ्या बायकोने, जपून ठेवली आहे. मी ती एका दिवसाच्या वर कधी घालू शकलो नाही. घट्ट होते असं तिला सांगितलं होतं.

“तिला आतून चोरखिसा केला व्हता. कंबरेपाशी. बघितला का कधी?”

“नाही.”

“बघ मग,” म्हणाला आणि मशीन सुरू केलं.

घरी येऊन मी ट्रंक उघडली. पँटच्या कंबरपट्टीच्या आत बोटभर रुंदीचा खिसा होता, वरून दोन टाके घालून बंद केलेला. टाके एकसारखे. उषाने ब्लेड दिलं. आत घडी केलेली वीसची एक नोट होती.

मी ती हातात धरून बसलो आणि बेरीज केली. ऐंशी आणि वीस. किशनची मोजणी चुकली नव्हती.

नोट कोरी होती. फाटकी नोट तो परगावी जाणाऱ्याला देत नाही.